सोन्नार की डबल गॉस? जुन्या ५० मिमी लेन्सची रचना ओळखून घरच्या घरी तुलना कशी करायची

मिररलेस कॅमेरे आल्यापासून ज्युपिटर, हेलिओस, एल्मार, सुम्मार अशा जुन्या लेन्स पुन्हा वापरात आल्या आहेत. त्यांची तुलना मात्र बहुतेक वेळा नावावर होते: झाइस चांगली की लायका कॅमेरे बनवणारी लाइट्झ, जर्मन चांगली की रशियन. लेन्स कशी वागेल हे आत भिंगं किती आहेत, ती कशी जोडलेली आहेत आणि काचेला हवा किती ठिकाणी भिडते यावर ठरतं. म्हणून आधी रचना ओळखायची, मग लेन्सची तब्येत पाहायची आणि त्यानंतरच फोटो काढून तुलना करायची. हा क्रम उलटा केला की धूसर झालेल्या लेन्सचा दोष तिच्या रचनाकाराच्या माथी बसतो.

झाइस आणि लाइट्झचं भांडण नेमकं कशाचं होतं

१९३२ साली झाइस इकॉनने काँटॅक्स कॅमेरा आणला आणि त्यासोबत लुडविग बेर्टेले यांनी रचलेली सोन्नार आली. ५० मिमी एफ २ मध्ये सहा भिंगं तीन गटांत आणि एफ १.५ मध्ये सात भिंगं तीन गटांत. (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो. गट म्हणजे एकटं भिंग किंवा एकमेकांना चिकटवलेली भिंगं.) बेर्टेले यांनी त्याआधी अर्नोस्टार ही वेगवान, म्हणजे जास्त उजेड घेणारी लेन्स रचली होती. तिच्यातली हवेची फट त्यांनी कमी अपवर्तनांकाच्या काचेने भरून टाकली आणि तीन भिंगं एकमेकांना चिकटवली. सोन्नारचं मर्म या तीन भिंगांच्या गठ्ठ्यात आहे.

समोर लाइट्झ होती. माक्स बेरेक यांची सुम्मार ५० मिमी एफ २ ही १९३३ची. ती डबल गॉस जातीची, म्हणजे मधल्या अ‍ॅपर्चरच्या (उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पाकळ्यांच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी मांडणी: बाहेर एकटं भिंग, आत चिकटवलेली जोडी. एकूण सहा भिंगं, चार गट. या घराण्याचं मूळ पाउल रुडॉल्फ यांच्या १८९६च्या प्लानारमध्ये आहे. होरेस ली यांनी १९२० साली ही रचना एफ २ पर्यंत नेली आणि १९२७ साली झाइसमध्येच विली मेर्टे यांनी बिओटार रचली. म्हणजे गॉस फक्त लाइट्झचा आणि सोन्नार झाइसची अशी सरळ वाटणी नाही, झाइसकडे दोन्ही होतं.

आता एक हिशोब. कोटिंग, म्हणजे परावर्तन रोखणारा पातळ थर, नसलेल्या काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून साधारण ५ टक्के उजेड परत फिरतो. सोन्नारला तीन गट, म्हणजे हवेला भिडणारी सहा पृष्ठं, आणि आरपार जातो सुमारे ७४ टक्के उजेड. सुम्मारला आठ पृष्ठं, जातो ६६ टक्के. लाइट्झची १९३६ची झेनॉन ५० मिमी एफ १.५ सात भिंगांची आणि पाच गटांची होती. तिला दहा पृष्ठं, जातो ६० टक्के. सोन्नार आणि झेनॉन दोन्हींवर १.५ हाच आकडा कोरलेला असला तरी प्रत्यक्ष उजेडात साधारण एक तृतीयांश स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

परत फिरलेल्या उजेडाचा त्रास याहून मोठा. तो एका पृष्ठावरून दुसऱ्यावर आपटून शेवटी फिल्मवर येतो आणि काळ्या भागावर पांढरट पडदा चढवतो. असं दोनदा आपटायला पृष्ठांच्या जोड्या लागतात. सहा पृष्ठांत अशा १५ जोड्या होतात, आठांत २८ आणि दहांत ४५. सोन्नारच्या फोटोंतला गडद, भरीव काळा रंग हा या आकड्यांचा परिणाम आहे.

झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तन रोखणाऱ्या कोटिंगचं पेटंट घेतलं. युद्धानंतर कोटिंग सर्रास झालं आणि पारडं फिरलं. १९५३ची सुम्मिक्रॉन ५० मिमी एफ २ सात भिंगांची आणि सहा गटांची, म्हणजे बारा पृष्ठांची. कोटिंगशिवाय तिच्यातून निम्म्याहून थोडाच जास्त उजेड गेला असता, त्यामुळे त्याच्या वीस वर्षं आधी अशी रचना कुणी बाजारात आणलीच नसती. दुसरं कारण एसएलआर, म्हणजे लेन्समधून आलेलं चित्र आरशाने दाखवणारे कॅमेरे. सोन्नारचं मागचं भिंग फिल्मच्या फार जवळ बसतं, तिथे आरशाला जागा उरत नाही. डबल गॉसला मागे जागा सोडता येते, म्हणून एसएलआरच्या ५० मिमी लेन्स जवळपास सगळ्या त्याच घराण्यातल्या.

पहिलं काम: प्रतिबिंबं मोजून रचना ओळखा

लेन्स न उघडता आतली मांडणी कळते. लागते फक्त अंधारी खोली आणि एक लहान, टोकदार उजेड. मोबाइलच्या टॉर्चवर काळा कागद लावून त्याला ५ मिमीचं भोक पाडा. लेन्सचं अ‍ॅपर्चर शेवटच्या आकड्यापर्यंत बंद करा, म्हणजे पाकळ्या मध्ये भिंतीसारख्या उभ्या राहतील आणि पुढची बाजू मागच्या बाजूपासून वेगळी होईल. टॉर्च डोळ्याजवळ धरून लेन्समध्ये पाहा आणि लेन्स हळूहळू तिरपी करा. प्रत्येक पृष्ठावर उजेडाचा एक ठिपका दिसेल. काच हवेला भिडते तिथे ठिपका ठळक, दोन काचा चिकटवलेल्या असतात तिथे फिकट. लेन्स हलवताना काही ठिपके हाताच्या दिशेने सरकतात, काही उलट, त्यामुळे एकावर एक आलेले ठिपकेही वेगळे करता येतात.

आता मोजा. डबल गॉस सहा-चारमध्ये, म्हणजे सुम्मार, बिओटार ५८ मिमी एफ २ किंवा तिची रशियन बहीण हेलिओस-४४ मध्ये, पुढून चार ठळक आणि एक फिकट, मागूनही तेवढेच. सोन्नार एफ २ आणि तिच्यावर बेतलेल्या ज्युपिटर-८ मध्ये पुढून चार ठळक आणि दोन फिकट, पण मागून दोनच ठळक आणि एक फिकट. सोन्नार एफ १.५ आणि ज्युपिटर-३ मध्ये मागून दोन ठळक आणि दोन फिकट. लक्षात ठेवायची खूण सोपी: पाकळ्यांच्या मागे दोन ठळक ठिपके असतील तर सोन्नार, चार असतील तर गॉस.

हीच युक्ती एल्मार आणि टेसारच्या बाबतीतही चालते. दोन्हींत चार भिंगं, तीन गट, शेवटची जोडी चिकटवलेली. टेसार १९०२ची, रुडॉल्फ यांचीच. एल्मार ५० मिमी एफ ३.५ ही पहिल्या लायकांसोबतची बेरेक यांची लेन्स. फरक पाकळ्यांच्या जागेचा: टेसारमध्ये त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या मध्ये असतात, एल्मारमध्ये पहिल्या भिंगाच्या लगेच मागे. म्हणून एल्मारमध्ये पुढून दोनच ठळक ठिपके दिसतात, टेसारमध्ये चार. बाजारात रशियन लेन्सवर एल्मारचं नाव कोरून विकणारे आहेत. पाकळ्यांच्या पुढे दोन भिंगं दिसली तर ती एल्मार नाही, कडेवर काहीही कोरलेलं असो.

फिकट ठिपके मोजताना घाई करू नका. दोन काचांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असतील तर ठिपका दिसेल न दिसेल असा असतो. निर्णय ठळक ठिपक्यांवर घ्या.

दुसरं काम: तब्येत

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च लेन्सच्या मागे तिरपा धरा आणि पुढून पाहा. सरळ पाहिलं तर सगळं स्वच्छच दिसतं, धूसरपणा तिरप्या उजेडातच उठून येतो.

दुधाळ थर पाकळ्यांच्या शेजारच्या पृष्ठांवर सर्वाधिक आढळतो, कारण ग्रीसमधलं तेल उडून तिथे बसतं. हा बहुतेक वेळा साफ होतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. ती वरवर असेल तर निघते, जुनी असेल तर कोटिंग खाऊन कायमची खूण ठेवते. कडेला इंद्रधनुषी चंद्रकोर दिसली तर भिंगं चिकटवणारा कॅनडा बाल्सम सुटतोय असं समजा. सोन्नारमध्ये हे जास्त अवघड दुखणं आहे, कारण तीन भिंगं सुटी करून पुन्हा एका अक्षावर आणणं घरच्या टेबलावर होत नाही. अशी लेन्स तुलनेसाठी घेऊच नका.

सुम्मारच्या पुढच्या भिंगाची काच मऊ आहे. शेकडो वेळा पुसून तिच्यावर बारीक रेघांचं जाळं झालेलं असतं आणि अशी लेन्स उजेडासमोर साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं चित्र देते. सुम्मार कमकुवत म्हणून जी बदनाम झाली, त्यातला बराच वाटा या रेघांचा आहे. स्वच्छ सुम्मार एफ ४.५ वर फार देखणं चित्र देते.

तिसरं काम: कॅमेऱ्यावर बसवणं

लायका स्क्रू म्हणजे ३९ मिमी आट्याच्या लेन्सचं फिल्मपासूनचं अंतर २८.८ मिमी, लायका एम माउंटचं २७.८ मिमी, जुन्या एसएलआरच्या एम४२ आट्याचं ४५.४६ मिमी. सोनी ई माउंट १८ मिमीवर आणि निकॉन झेड १६ मिमीवर असल्याने सगळ्यांना अ‍ॅडॅप्टर मिळतात. तीन गोष्टी सांभाळा.

जुन्या काँटॅक्स आणि कीव कॅमेऱ्यांच्या ५० मिमी लेन्समध्ये फोकसचे आटेच नसतात, ते कॅमेऱ्यात असतात. त्यामुळे अ‍ॅडॅप्टर फोकसची सोय असलेलाच घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. ज्युपिटर घ्यायचीच असेल तर ३९ मिमी आट्याची घेणं सोयीचं.

एल्मार आणि सुम्मार या आत ढकलून बंद होणाऱ्या लेन्स आहेत. डिजिटल कॅमेऱ्यावर त्या कधीही आत ढकलू नका, नळी शटरवर आदळू शकते. बाहेर ओढून फिरवून कुलूप लागलंय याची खात्री करूनच कॅमेरा चालू करा.

रशियन लेन्समध्ये भिंगांचा ठोकळा आणि नळी यांच्यामध्ये पातळ धातूच्या चकत्या असतात. कुणीतरी लेन्स उघडून चकती हरवली असेल तर रेंजफाइंडरवर, म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर, फोकस चुकतो. मिररलेसवर आपण थेट चित्र पाहून फोकस करतो, त्यामुळे तुलनेला बाधा येत नाही. अनंतावर फोकस पोचतो का, एवढं दूरच्या इमारतीवर पाहून घ्या.

चौथं काम: समान परिस्थिती

ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर, एक्स्पोजर मॅन्युअल. हे सगळ्या लेन्सना सारखं. हेलिओस ५८ मिमीची आहे, तिला ५० मिमीच्या शेजारी बसवायचं तर कॅमेरा मागे घ्या: ५० मिमी २ मीटरवर असेल तर ५८ मिमी २.३२ मीटरवर, म्हणजे वस्तू चित्रात तेवढीच येईल.

अ‍ॅपर्चरचे आकडे फसवतात. युद्धापूर्वीच्या जर्मन लेन्सवर ३.२, ४.५, ६.३, ९, १२.५ अशी जुनी पट्टी असते. सुम्मारचं ३.२ आणि ज्युपिटरचं २.८ यांच्यात एक तृतीयांशाहून थोडा जास्त स्टॉपचा फरक आहे. दोन्ही सरळ शेजारी ठेवले तर सुम्मार आयती धारदार ठरेल. ज्युपिटरच्या कड्याला टकटक थांबे नाहीत, म्हणून ते २.८ आणि ४ च्या मध्ये, २.८ कडे जरा झुकतं लावा. दोन्ही लेन्सना कोटिंग असेल किंवा दोन्हींना नसेल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन हिस्टोग्रामचं (उजेडाच्या आलेखाचं) शिखर जुळवा. मात्र कोटिंग असलेली आणि नसलेली लेन्स अशा प्रकारे जुळवू नका, तिथे उजेडातला फरक हाच तर मोजायचा असतो.

धारेची चाचणी भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पानांवर करा. कॅमेरा भिंतीला समांतर आहे का, हे टेपने मोजण्याऐवजी मधोमध एक छोटा आरसा भिंतीला सपाट चिकटवा. चित्राच्या बरोबर मध्यात लेन्सचंच प्रतिबिंब दिसलं की समांतर झालं. तरीही एक बाजू मऊ येत असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घ्या. मऊपणा चित्राच्या त्याच बाजूला राहिला तर दोष लेन्सचा किंवा अ‍ॅडॅप्टरचा, बाजू बदलली तर मांडणीचा. स्वस्त अ‍ॅडॅप्टर तिरके असतात, लेन्सला दोष देण्याआधी दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून पाहा.

प्रत्येक अ‍ॅपर्चरला दोन फोटो घ्या, एक मध्यावर फोकस करून आणि एक कोपऱ्यावर. कोपऱ्यावर फोकस केल्यावर कोपरा खणखणीत आला तर लेन्समध्ये वक्रता आहे, म्हणजे तिचं चित्र सपाट पडद्यावर न पडता वाटीसारखं पडतं. तरीही मऊच राहिला तर कोमा किंवा दृष्टिवैषम्य, म्हणजे कडेच्या ठिपक्यांचा आकार बिघडवणारे दोष. हा फरक कळला नाही तर लेन्सचा उपयोग कळत नाही: वक्रता असलेली लेन्स कागदपत्रांच्या फोटोला वाईट, पण मधोमध माणूस आणि मागे झाडी असलेल्या चित्राला उत्तम असू शकते. कोपऱ्यांचा कठोर निकाल डिजिटलवर देऊ नका. या लेन्स फिल्मसाठी रचल्या आहेत आणि सेन्सरवरच्या काचेचा थर तिरप्या किरणांना जास्त बिघडवतो.

पाचवं काम: पडदा मोजा

या सगळ्या चाचण्यांत सर्वाधिक सांगून जाणारी ही. बुटाचं रिकामं खोकं घ्या, आतून काळी मखमल लावा, झाकणाला ३ सेंटिमीटरचं गोल भोक पाडा आणि झाकणाभोवती सगळीकडे पांढरे कागद लावा. त्या भोकातून परत येणारा उजेड जवळजवळ शून्य, इतकं काळं काहीच रंगवून मिळत नाही. पांढऱ्यावर सारखा उजेड पाडा, चौकट पांढऱ्याने भरेल आणि भोक मध्यात येईल असं उभे राहा, पांढरा रंग फाटण्याच्या (तपशील पूर्ण उडण्याच्या) जरा खाली येईल असं एक्स्पोजर ठेवा.

संगणकावर सगळ्या फाइल एकाच सेटिंगने उघडा आणि भोकाच्या मध्यातला आकडा वाचा. जितका मोठा आकडा तितका पडदा जाड. कोटिंग नसलेल्या सोन्नार आणि सुम्मारमध्ये इथे जो फरक दिसतो, तो सहा आणि आठ पृष्ठांचा आहे. मग खिडकी चौकटीच्या जरा बाहेर ठेवून तोच फोटो पुन्हा घ्या, आधी हुड, म्हणजे लेन्सपुढची सावलीची नळी, लावून आणि नंतर काढून. हुडने केवढा फरक पडतो हे पाहिल्यावर जुनी लेन्स कुणी उघडी वापरणार नाही.

सहावं काम: फोकस कुठे सरकतो

सोन्नार एफ १.५ घराण्याचा हा ठरलेला स्वभाव. तिच्यात गोलीय विपथन पूर्ण सुधारलेलं नाही, कडेचे किरण मधल्या किरणांच्या आधी एकत्र येतात. अ‍ॅपर्चर बंद केलं की कडेचे किरण कापले जातात आणि धारेची जागा वस्तूच्या मागे सरकते.

एक लांब फूटपट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवा, मधल्या आकड्यावर खूण करा. कॅमेरा १ मीटरवर. चित्र मोठं करून एफ १.५ वर खुणेवर फोकस करा आणि मग कड्याला हात न लावता १.५, २, २.८, ४, ५.६ असे पाच फोटो घ्या. २ आणि २.८ ला सर्वात धारदार आकडा खुणेच्या मागे गेलेला दिसेल. ५.६ पर्यंत खोली वाढते आणि खूण पुन्हा धारेत येते. प्रत्येक अ‍ॅपर्चरला धार किती मिलिमीटर मागे गेली हे लिहून ठेवा.

मिररलेसवर उपाय सरळ: ज्या अ‍ॅपर्चरला फोटो घ्यायचा त्याच अ‍ॅपर्चरला फोकस करा. रेंजफाइंडरवर मात्र फोकस झाल्यावर लिहून ठेवलेल्या मापाइतकं अंग मागे झुकवावं लागतं.

सातवं काम: पार्श्वभूमी

वस्तू दीड-दोन मीटरवर, मागे पाच-सहा मीटरवर पानांतून झिरपणारं ऊन, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. सोन्नारमध्ये मागचे उजेडाचे ठिपके कडेला विरघळतात, कारण फोकस सरकवणारं तेच अपुरं सुधारलेलं विपथन. त्याची किंमत पुढच्या बाजूला मोजावी लागते: वस्तूच्या पुढे आलेली फांदी कठोर, दुहेरी कडांची दिसते. म्हणून सोन्नारने फोटो घेताना समोर काही येऊ देऊ नका.

बिओटार आणि हेलिओसमध्ये ठिपक्यांना बहुधा उजळ कडा येते आणि चौकटीच्या काठाकडे ते डोळ्याच्या आकाराचे होऊन मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. लेन्सची नळी तिरप्या किरणांना दोन्ही बाजूंनी कापते म्हणून हा आकार येतो आणि वक्रता व दृष्टिवैषम्य त्यात भर घालतात. एफ ४ पर्यंत बंद केलं की भोवरा ओसरतो. मागे कोरी भिंत असेल तर तो दिसतच नाही, त्यासाठी बारीक, तुटक, उजळ पोत हवाच.

निवड करताना

माणसांचे फोटो, कृष्णधवल, कोटिंग नसलेली लेन्स आणि समोरून येणारं ऊन असेल तर सोन्नार जातीची घ्या. सपाट वस्तू, इमारती आणि कोपऱ्यापर्यंत धार हवी असेल तर कोटिंग असलेली डबल गॉस. तिची जवळपास समान मांडणी कोमा, रंगांच्या कडा आणि रेषांचं वाकणं एकमेकांविरुद्ध आपोआप वजा करते, सोन्नारला हे सगळं काचेच्या निवडीने आणि वळणांनी साधावं लागतं. आणि एफ ५.६ ते ८ वरच काम करायचं असेल तर दोन्हींवर पैसे घालू नका, चार भिंगांची टेसार जातीची लेन्स तिथे कमी पडत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर घेतलेली लेन्स कातडी खोळीत ठेवू नका, जुनी खोळ हे बुरशीचं घर असतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहू द्या, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी टॉर्च तिरपा धरून तीच तब्येतीची तपासणी पुन्हा करा.